शय्याव्रण : परिचर्येची खरी परीक्षा

अंथरुणास खिळलेल्या रुग्णास शय्याव्रण होऊ नयेत याकरिता काय कराल, असा प्रश्न परिचर्येच्या परीक्षेत विचारला की, ‘दर दोन तासांनी कूस बदलू’ असे उत्तर विद्यार्थिनी तत्परतेने देतात. उत्तर बरोबर असते. तथापि परीक्षकाने ‘का?’ असे विचारताच पुष्कळ जणी अडखळतात. परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्य परिषदेच्या नोंदपुस्तकात नाव दाखल झाले की रुग्णाची जबाबदारी अंगावर येते. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिकाविषयक अधिनियमाने ही नोंदणीची व्यवस्था केली, ती रुग्णाच्या संरक्षणासाठीच होय. म्हणून या ‘का’चे उत्तर पाठांतरापेक्षा महत्त्वाचे आहे.

निरोगी मनुष्य झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघाताचा, बेशुद्धीतील वा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण तसे करू शकत नाही. मग हाड आणि बिछाना यांच्यामध्ये मांस दाबले जाते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात व रक्त न मिळाल्याने तो भाग मरू लागतो. कमरेखालचे त्रिकास्थी, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागील बाजू ही अशी धोक्याची ठिकाणे. दोन तास ही साधारण मर्यादा समजावी. कृश किंवा ज्वरग्रस्त रुग्णाची कूस त्याहून लवकर बदलावी लागते.

पहिली खूण म्हणजे बोटाने दाबले असता न फिकटणारी लाली. पाठ्यपुस्तके असे सांगतात खरी. परंतु आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली सहजासहजी दिसत नाही. अशा वेळी हाताच्या पाठीने स्पर्श करून तो भाग शेजारच्या त्वचेपेक्षा उष्ण वा कठीण लागतो काय, हे पाहावे. या अवस्थेत दाब काढून घेतल्यास त्वचा पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाल्यास कातडी सोलवटते, पुढे जखम चरबीपर्यंत आणि शेवटी स्नायू व हाडापर्यंत पोहोचते. अशा जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग पसरून रुग्ण दगावूही शकतो.

येथे जुन्या शिकवणुकीविषयी सांगणे अवश्य आहे. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून जोराने चोळावे, पावडर टाकावी, रुग्णास रबरी कड्यावर ठेवावे, असे एके काळी शिकविले जाई. आता या गोष्टी वर्ज्य मानल्या जातात. चोळण्याने आधीच दुखावलेल्या पेशी अधिक दुखावतात आणि कड्यामुळे भोवतालचा रक्तपुरवठा अडतो. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणे, कुशीवर वळविताना पाठीशी उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल देणे आणि रुग्णास ओढून न सरकविता आडव्या चादरीने उचलणे, हे अधिक गुणकारी ठरते. उशाकडील भाग फार उंच केल्यास रुग्ण खाली घसरतो व कातडी आतून ताणली जाते, हेही ध्यानात असावे.

कोणत्या रुग्णास धोका अधिक, हे ठरविण्यासाठी बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली गुणपद्धती उपयोगी पडते. संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंग हलविण्याची शक्ती, आहार व घर्षण यांना गुण देऊन ६ ते २३ पर्यंत बेरीज येते. ती १८ किंवा त्याहून कमी असल्यास सावध व्हावे. आहाराचा उल्लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने मिळाल्यावाचून त्वचा टिकत नाही आणि जखमही भरत नाही.

रुग्णालयातून घरी आलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाचे पुढील काही महिने बहुधा सून किंवा पत्नीच्या हाती असतात. गावातील परिचारिकेने अशा घरी जाऊन केवळ रक्तदाब मोजून परतू नये. रुग्णास कुशीवर वळवून त्याची पाठ व टाचा स्वतः पाहाव्यात, चादरीच्या चुण्या काढून दाखवाव्यात, अंथरूण ओले झाल्यास ताबडतोब बदलण्यास सांगावे आणि कोणत्या वेळी कोणती कूस, याचा कागद घरच्यांकडून लिहवून भिंतीवर लावून घ्यावा.