हॉटेल व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशापूर्वी काय पाहावे?



वैजापूर भागात पीक मेळाव्यांना गेल्यावर कापूस-मक्याच्या प्रश्नांबरोबर अलीकडे आणखी एक प्रश्न येतो, "सर, पोराला पदवीनंतर हॉटेल व्यवस्थापनाला घालू का?" प्रश्न रास्त आहे. एका बाजूला शिर्डी, दुसऱ्या बाजूला वेरूळ आणि तालुक्यातून समृद्धी महामार्ग. हा व्यवसाय आपल्या दाराशी आला आहे. परंतु बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, तसे येथेही वाचावे. बियाणे फसले तर एक हंगाम जातो. अभ्यासक्रम फसला तर दोन वर्षे जातात आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो.

१) पात्रता : महाराष्ट्रात एम.एच.एम.सी.टी. या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी हॉटेल व्यवस्थापनाचीच पदवी लागते. बी.एस्सी. (कृषी) किंवा बी.कॉम. झालेल्यास एम.बी.ए.चा मार्ग खुला आहे. दोन्हींसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा असते.

२) मान्यता : पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे प्रथम विचारावे. संस्थेची नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. मान्यतेचे पत्र चालू वर्षाचे आहे का, ते पाहावे. परदेशी विद्यापीठाचे नाव सांगितल्यास ती पदवी भारतात समकक्ष धरली जाते का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

३) प्रात्यक्षिक व नोकरी : "शंभर टक्के नोकरी" या जाहिरातीवर विसंबू नये. मागील दोन तुकड्यांतील मुले कोठे, कोणत्या पदावर व किती पगारावर लागली, याची यादी मागावी. त्यांपैकी दोघा-तिघांशी स्वतः बोलावे. पदवीनंतर मिळणारे पद पदव्युत्तर शिक्षणानंतरही तेच असेल, तर वाढीव खर्चाचा उपयोग काय?

४) खर्च व कर्ज : शुल्काबरोबर वसतिगृह, गणवेश व प्रवास धरावा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्राची पतहमी योजना आहे. त्यापुढे बँका सहसा तारण मागतात आणि तेथे जमीन पुढे केली जाते. ८ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे साडेदहा हजारांचा हप्ता येतो; शिक्षणकाळातील व्याज निराळे. सुरुवातीच्या पगारातून शहरातील खोलीभाडे व जेवण वजा जाता एवढे उरेल का, हा हिशेब कागदावर मांडावा. उरत नसेल तर जमीन तारण देऊ नये.

५) उद्देश : मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर शिक्षण उपयोगी पडते. स्वतःच्या शेतावर हुरडा, मुक्काम व घरचे जेवण देणारे केंद्र काढायचे असेल तर ही पदवी आवश्यक नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. प्रथम एखादे चालू केंद्र पाहून यावे.

शेवटी एक सूचना. शुल्क भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला रामनवमी अथवा दिवाळीच्या गर्दीत महिनाभर एखाद्या हॉटेलात काम करू द्यावे. या धंद्यात इतरांचा सण तो आपला कामाचा दिवस असतो. दहा-बारा तास उभे राहूनही चेहऱ्यावर हसू टिकले, तर उगवण चांगली आहे असे समजावे आणि मगच पेरणी करावी.