वाड्याविना देवडी : आयर्लंडच्या जमीनदारीचा दगडी पुरावा

मराठी मुलखातील जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत शिरताच पहारेकऱ्यांची देवडी लागते. ती वाड्याचाच एक भाग असते. ब्रिटन व आयर्लंडमधील जमीनदारांनी मात्र ही देवडी मुख्य घरापासून वेगळी काढली आणि इस्टेटीच्या सीमेवर, फाटकालगत, स्वतंत्र इमारत म्हणून उभारली. तिला ‘गेट लॉज’ म्हणतात. मालकाचे घर वृक्षराजीआड दडलेले असे. रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसे ती ही देवडीच. त्यामुळे मालकाची ऐपत व अभिरुची सांगण्याचे काम तिच्याकडे आले. कोठे ग्रीक मंदिराचे खांब, कोठे टोकदार गॉथिक कमानी, अशी रूपे तिने धारण केली.

या इमारतींत राहणाऱ्यांचा विचार बहुधा शेवटी होई. फाटकाच्या दोन्ही बाजूंस सारख्या दोन खोल्या बांधण्याची पद्धत लोकप्रिय होती. अशा ठिकाणी फाटकवाल्याच्या कुटुंबाला एका खोलीत स्वयंपाक करून झोपण्यासाठी पावसातून समोरच्या खोलीत जावे लागे. सममिती मालकाच्या नजरेसाठी होती. गैरसोय मात्र फाटकवाल्याच्या वाट्याला आली.

आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्यात लिस्मोर गावानजीक बॅलीसॅगर्टमोर येथे या प्रकाराचा एक टोकाचा नमुना पाहावयास मिळतो. आर्थर कीली-अशर या जमीनदाराने बांधलेली ही द्वारगृहे सामान्यतः १८३४ च्या सुमाराची मानली जातात. प्रथम बुरुजांनी वेढलेली कमान लागते. पुढे वनातून वळत गेलेल्या वाटेवर ओढ्यावरील दगडी पूल येतो व त्याच्या टोकांशी पुन्हा बुरुज, मनोरे आणि कंगोरे उभे राहतात. दिराच्या स्ट्रॅनकॅली येथील प्रासादाहून भव्य प्रासाद आपल्यालाही हवा, असा जमीनदाराच्या पत्नीचा हट्ट होता, अशी आख्यायिका त्या भागात सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, पैसा देवडीवरच संपला आणि नियोजित प्रासाद कधीच उभा राहिला नाही.

हा पैसा आला कोठून, हा अर्थशास्त्रदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न आहे. तो कुळांच्या खंडातून आला. बहुसंख्य आयरिश कुळे मालकाच्या मर्जीवर जमीन कसत. कुळाने बांध घातला, निचरा केला, तर खंड वाढण्याचीच भीती. म्हणून सुधारणा करण्याची प्रेरणा नव्हती. मालकही जमिनीत फारशी गुंतवणूक करीत नसत. परिणामी शेतीतील वाढावा उत्पादक कामाऐवजी प्रतिष्ठेच्या बांधकामाकडे वळला.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि या व्यवस्थेचे दुबळेपण उघडे पडले. येथे कायद्याची भूमिका बारकाईने पाहावी लागेल. १८४३ च्या दुरुस्तीनुसार ४ पौंड वा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीवरील दारिद्र्य-निवारण कर संपूर्णपणे मालकावर पडत असे. म्हणजे लहान कूळ जितके गरीब, तितके ते मालकाला महाग. १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्यास, ती सोडल्याखेरीज, मदत मिळणे बंद झाले. दोन्ही तरतुदींनी कुळे हुसकावून लावणे फायद्याचे ठरविले. दुष्काळाच्या काळात कीली-अशरनेही कुळांना बेदखल केले व त्यांची घरे पाडविली. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८१.७५ लाख होती, ती १८५१ मध्ये ६५.५ लाखांवर आली. मृत्यू आणि स्थलांतर ही त्याची प्रमुख कारणे होत.

पुढील सुधारणांचा क्रम परीक्षार्थींच्या परिचयाचा असावा. १८८१ च्या भूमी कायद्याने न्याय्य खंड, कुळहक्काची शाश्वती व तो हक्क विकण्याची मोकळीक मान्य केली. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्यासाठी सरकारी कर्ज दिले. त्याची परतफेड साडेअडुसष्ट वर्षांत करावयाची होती. भारताशी असलेला दुवा बंगाल कूळ कायदा, १८८५ हा होय. त्याच्या चर्चेत आयरिश अनुभवाचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मात्र त्याने कायमधारा पद्धतीतील जमीनदार हटविले नाहीत. त्यासाठी स्वातंत्र्योत्तर जमीनदारी निर्मूलन कायद्यांची वाट पाहावी लागली.

बॅलीसॅगर्टमोरचे जुने घरही आता उरलेले नाही. सभोवार वन आहे आणि फिरावयास येणारे लोक कोणाचीही परवानगी न घेता त्या कमानीखालून जातात. वाट पुढे धबधब्याकडे वळते.