उत्तर कड्यावरची मोजणी

१९२९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने गॉसहॉक या शिकारी पक्ष्याच्या जिवावर पाच डॉलरचे इनाम लावले. गॉसहॉक म्हणजे आपल्या शिक्र्याचा थोरला भाऊबंद. कोंबड्या पळवतो आणि शिकाऱ्यांच्या हक्काची पाखरे मारतो म्हणून बदनाम. पुढे मंदी आली आणि पाच डॉलरना मोल चढले. बंदूकवाल्यांना गॉसहॉक कुठला आणि बाकीचे ससाणे-बाज कुठले, हे कळत नव्हते आणि कळून घ्यायचेही नव्हते. त्या राज्याच्या पूर्व भागात किटॅटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. तिच्यावर ड्रेहर्सव्हिल गावाजवळ एक खडकाळ माथा आहे. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले पक्षी या माथ्यावर माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून, कधी तर पायांखालून जातात. सुटीच्या दिवशी लोक तिथे जमत आणि येईल तो पक्षी पाडत. १९३२ साली रिचर्ड पो या हौशी छायाचित्रकाराने ही मेलेली पाखरे गोळा केली, जंगलात जमिनीवर ओळीने मांडली आणि त्यांची छायाचित्रे काढली.

ती छायाचित्रे न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी पाहिली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाई सभेत उठून अडचणीचे प्रश्न विचारण्यात पटाईत होत्या. निषेधाचे ठराव त्यांना पुरेसे वाटले नाहीत. १९३४ साली त्यांनी तो डोंगरच, सुमारे १,४०० एकर, पाचशे डॉलरला भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढे विकतही घेतला. राखणदार म्हणून मॉरिस ब्राऊन हा तरुण पक्षिनिरीक्षक आणि त्याची पत्नी अर्मा यांना नेमले. ब्राऊनने पगारही मागितला नाही. अर्मा रस्त्यावरच्या फाटकाशी बसून बंदूकवाल्यांना परत पाठवायची. मॉरिस वर खडकावर बसायचा आणि जाणारा प्रत्येक पक्षी वहीत मांडायचा. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेले जगातले हे पहिले अभयारण्य; त्याचे नाव हॉक माउंटन.

पक्षी हा प्रवास का करतात, हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. उत्तरेत थंडी पडली की किडे, बेडूक, सरडे दिसेनासे होतात, म्हणून दक्षिणेकडे जावे लागते. जड अंगाच्या पक्ष्याला सतत पंख मारणे परवडत नाही, म्हणून तो तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर किंवा डोंगराला आपटून वर वळणाऱ्या वाऱ्यावर तरंगत जातो. समुद्रावर असा आधार फारसा नसतो. त्यामुळे बहुतेक जण किनाऱ्याने वळसा घालतात आणि काही चिंचोळ्या जागी त्यांची गर्दी होते. मेक्सिकोतले वेराक्रूझ, जॉर्जिया देशातले बातुमी, जिब्राल्टर, पनामा या अशाच जागा.

खरी गंमत मोजण्यात आहे. बाहेरच्या माणसाला वाटते, आकाशाकडे पाहायचे आणि आकडा लिहायचा, यात कसले कौशल्य? प्रत्यक्षात या कामाची शिस्त एखाद्या प्रयोगशाळेइतकी कडक आहे. हॉक माउंटनच्या उत्तर कड्यावर १५ ऑगस्टपासून १५ डिसेंबरपर्यंत रोज मोजणी चालते. समोरच्या डोंगररेषेवरच्या उंचवट्यांना क्रमांक दिलेले आहेत. ‘तीनच्या वर, डावीकडे सरकतोय,’ एवढे कोणी म्हटले की सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच ठिपक्यावर जातात. जवळच काठीवर एक खोटे घुबड बांधलेले असते. घुबडाशी हाडवैर असलेले पक्षी त्याच्यावर झडप घालायला अगदी जवळ येतात आणि नीट ओळखता येतात. निळेभोर आकाश पर्यटकाला आवडते, मोजणाऱ्याला मात्र नकोसे वाटते. उंचावरचा पक्षी निळ्यात विरघळून जातो, पांढऱ्या ढगावर तो स्पष्ट दिसतो.

सप्टेंबरच्या मध्याला ‘ब्रॉड-विंग्ड हॉक’ हे रुंद पंखांचे बाज येतात, तेव्हा कसोटी लागते. गरम हवेच्या स्तंभात शेकडो पक्षी रहाटासारखे गरगरत वर चढत असतात. त्या भोवऱ्यात मोजायला गेले की गोंधळ ठरलेला, कारण एकच पक्षी पुन्हा पुन्हा समोर येतो. जाणकार थांबतो. स्तंभाच्या माथ्यावर पोचलेले पक्षी पंख आवळून एकामागून एक पुढच्या स्तंभाकडे घसरू लागतात. त्या रांगेवर एक काल्पनिक रेघ ठरवायची आणि ती ओलांडणाराच मोजायचा. हातातले गणकयंत्र टकटक वाजत राहते. रांग दाट झाली की दहा-दहाचे गट करायचे. १४ सप्टेंबर १९७८ या एका दिवसात इथून या जातीचे २१ हजारांहून अधिक पक्षी गेले.

पण गर्दीच्या दिवसांपेक्षा रिकामे तास अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दर तासाला वाऱ्याची दिशा, तापमान, ढग, किती लांबचे दिसते आणि मोजायला किती माणसे होती, हे सगळे लिहायचे. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहायचे. हे शून्य ज्या वहीत नाही, त्या वहीवरून दोन वर्षांची तुलनाच करता येत नाही. ब्राऊन यांच्या वहीत ते होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले तेवढी वर्षे सोडली, तर मोजणी अव्याहत चालली.

या वहीत आणखी एक रकाना होता, आणि इतिहास घडवला तो त्याने. बाल्ड ईगल या गरुडाचे डोके आणि शेपटी पांढरीशुभ्र होते ती साधारण पाचव्या वर्षी. तोवर तो तपकिरी असतो. म्हणजे उडत्या पक्ष्याकडे पाहून पिल्लू की प्रौढ, हे सांगता येते. ब्राऊन हे दोन्ही वेगळे लिहीत. १९३५ ते १९३९ या काळात इथून गेलेल्या या गरुडांपैकी ४० टक्के लहान होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच लहान पक्षी दिसला. नुसती एकूण संख्या पाहणाऱ्याला हे दिसले नसते, कारण गरुड दीर्घायुषी असतो आणि म्हातारी जोडपी वर्षानुवर्षे फेऱ्या मारत राहतात. त्यांच्या मागे येणारी पिढीच नव्हती.

त्याच काळात चार्ल्स ब्रोली हा निवृत्त बँक व्यवस्थापक फ्लोरिडात उंच झाडांवर चढून गरुडांच्या पिल्लांच्या पायांत कडी घालत होता. १९३९ पासून दहा वर्षांत त्याने हजाराहून अधिक पिल्लांना कडी घातली, आणि मग घरटी ओस पडत गेलेली पाहिली. एक जण झाडावर, दुसरा खडकावर. दोघांच्या नोंदी रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकात शेजारी शेजारी ठेवल्या आणि डीडीटी या कीटकनाशकाकडे बोट दाखवले. या औषधाच्या अंशामुळे अंड्याची कवचे पातळ होतात, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीवर बंदी घातली आणि २००७ साली बाल्ड ईगल संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. पक्षिप्रेमाच्या इतिहासात एका साध्या रकान्याने एवढे मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण सापडणे अवघड.

बातुमीची कथा अलीकडची, पण तितकीच ओढ लावणारी. काळा समुद्र आणि कॉकेशसच्या डोंगरांच्या मधल्या अरुंद पट्टीतून दर शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. २००८ पासून साखालवाशो आणि शुआम्ता या दोन खेड्यांजवळच्या टेकड्यांवरून त्यांची मोजणी होते. ऑगस्टच्या अखेरीस युरोपातल्या मोहोळ घारींचा लोंढा येतो, मग घारी आणि बाज. दोन ठाण्यांमधले मोजणारे एकमेकांना वायरलेसवर सांगत राहतात, नाहीतर एकच थवा दोनदा धरला जाईल. इथेही बंदूक आहेच. शिवाय शिक्र्याच्या जातीचा छोटा स्पॅरोहॉक पकडून त्याच्याकडून लावे मारून घेण्याची जुनी परंपरा आहे. कायद्याचा बडगा उगारण्याऐवजी मोजणारे तिथल्या घरांतच पाहुणे म्हणून राहू लागले. पक्षी पाहायला येणाऱ्यांची खाणावळीची, खोलीभाड्याची कमाई गावात पडू लागली. हा मार्ग संथ आहे, पण गावाला बरोबर घेऊन जाणारा आहे.

आपल्याकडेही असे घडले आहे. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यातल्या डोयांग जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. २०१२ साली तिथे जाळी लावून रोज हजारोंच्या संख्येने त्यांची कत्तल झाल्याचे उघडकीला आले. कार्यकर्ते, चर्च, ग्रामसभा आणि सरकार एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी जाळी उतरली. २०१३ साली तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतो. किनाऱ्याने वळसा घालण्याचा नियम त्याला लागू नाही.

हाच पक्षी सह्याद्रीवरूनही जातो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर तो दिसतो, आणि दर वर्षी छायाचित्रकारांची तिथे रीघ लागते. प्रस्तुत लेखकही त्या गर्दीत जाऊन उभा राहिला आहे. सुंदर छायाचित्रे पुष्कळ निघतात; तासांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवताना दिसते. सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर एक ठरलेली जागा, ठरलेल्या वेळा आणि दोन-तीन माणसांची आळीपाळी एवढ्यावर सुरुवात करता येईल. लागणारे सामान थोडे: दुर्बीण, वही, हातातले गणकयंत्र, टोपी, पाणी. वहीत रकाने असे आखावेत: तारीख, तास, वारा, ढग, निरीक्षक किती, जात, नर-मादी, लहान-मोठा. अमूर ससाण्यात नर राखी आणि मादीचे पोट ठिपक्यांचे, पट्ट्यांचे असते, त्यामुळे नर-मादीचा रकाना भरणे अवघड नाही. दिवाळी आटोपताच कामाला लागले, तर याच हंगामातली पहिली पाने भरतील.