इंजिन बंद पडलंच पाहिजे!

आषाढाची धार लागते, घोटीच्या आसपासची भातखाचरं तुडुंब भरतात आणि चिखलणीला ट्रॅक्टर उतरतात. त्यात एखादा म्हातारा बी-२७५ असतो. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीत हे ३५ अश्वशक्तीचं यंत्र बनू लागलं. कसारा घाट चढून आलं की घोटी. म्हणजे तसा शेजारचाच गडी!

भर गाळात हा गडी एकाएकी जोरात गरजतो, पण पुढे काही सरकत नाही. चाकं घसरत असतील? नीट पाहा, चिखलात रुतलेली ती लोखंडी केज व्हीलं जेमतेम फिरताहेत. घसरतंय ते आत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या अंधारात. थोड्या वेळात करपल्याचा वास येतो आणि बांधावरचा कुणीतरी म्हणतो, 'क्लच स्लिप मारतोय.'

त्या अंधारात आहे तरी काय? इंजिनाचं जड फ्लायव्हील, त्याला चिकटून ताटाएवढी क्लच प्लेट आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट. बस्स! फ्लायव्हीलचे दाते क्लच प्लेटमध्ये अडकत नाहीत, खिळा नाही, साखळी नाही. पस्तीस घोड्यांची सगळी ताकद पलीकडे जाते ती दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरून बसतात म्हणून. स्प्रिंगा शेकडो किलोंच्या जोरानं क्लच प्लेटला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि प्लेट दोन्ही अंगांनी ओढ घेते. तुम्ही पेडल दाबता, तेव्हा फक्त ही चिमूट सैल करता.

ही पकड किंचित ढिली झाली तर? दहा टक्के घसरण धरू. पस्तीस अश्वशक्ती म्हणजे साधारण २६ किलोवॉट, त्यातले २.६ किलोवॉट तिथेच उष्णता होऊन जातात. न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गीझर आठवा. त्याहून मोठा गीझर एका ताटाएवढ्या चकतीवर पेटलाय, आणि तिथे पाणी नाही! प्लेटवरचं अस्तर करपणार नाही तर काय होईल?

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. ब्रेक झिजला की पेडल खाली खाली जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग क्लच झिजला की पेडल सैल व्हायला हवं, नाही का? होतं बरोबर उलटं! प्रेशर प्लेटला जोडलेल्या फिंगर म्हणजे छोटे सी-सॉच. अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगरचं बाहेरचं टोक तिच्याबरोबर जातं आणि आतलं टोक उलट मागे, पेडल दाबल्यावर फिंगर ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतं. म्हणजे पेडलचा जो मोकळा प्ले असतो, तो झिजेबरोबर वाढत नाही, आटत जातो. प्ले संपला की बेअरिंग फिंगरवर कायमचं टेकतं. पाय पेडलवर नसला तरी क्लच थोडा दाबलेलाच! मग घसरण, घसरणीतून उष्णता, उष्णतेतून आणखी झीज आणि नरम पडणाऱ्या स्प्रिंगा. पेडलवर सतत पाय ठेवून हाफ क्लचवर चालवणारा नेमकं हेच आपल्या हातानं, खरं तर पायानं, घडवत असतो.

म्हणूनच जाणता मिस्त्री आधी बसून नुसत्या हातानं पेडल दाबून पाहतो. प्ले नसेल, तर दांडीच्या नटाचे दोन-चार फेरे आणि कधी कधी काम फत्ते. प्ले आहे, तरी घसरतंय? मग तो खाली वाकून क्लच हाऊसिंगच्या तळाचं भोक बघतो. काही जुन्या ट्रॅक्टरांत त्या भोकात एक कॉटर पिन सैल लोंबकळत असते. यंत्र थरथरलं की ती हलते आणि भोक आपोआप साफ राहतं. केवढीशी युक्ती! तिथून तेल ठिबकत असेल, तर सील गेलंय. काळं, पातळ तेल इंजिनाचं. घट्ट, उग्र वासाचं गिअरबॉक्सचं. तेल प्यायलेली प्लेट कितीही पुसली तरी भरवशाची नाही.

मग ट्रॅक्टर फोडावा लागतो, अगदी शब्दशः. त्याला वेगळी चासीच नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल हाच त्याचा कणा. बोल्ट काढून मागचा आणि पुढचा भाग वेगळे करायचे. पुढचा अॅक्सल मधल्या खिळीवर डोलणारा असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आधी लाकडी पाचरा ठोकतात, नाहीतर अख्खं इंजिन कलंडेल. आत साचलेली धूळ मात्र कुणीही फुंकू नये, हवेचा पाइपही लावू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते म्हणजे फुप्फुसाचा वैरी. ओलं फडकंच बरं.

फ्लायव्हील लेथवर साफ होतं, सील बदलतं, नवी प्लेट येते. ती बरोबर मध्यात बसावी म्हणून तिच्यातून जुना शाफ्ट घालून ठेवतात, तेव्हाच बोल्ट आवळतात. केसभर चुकलं, की ट्रॅक्टरची दोन धुडं एकत्र येत नाहीत. बारा माणसांनी ढकललं तरी नाही.

आणि शेवटी परीक्षा. ब्रेक गच्च दाबायचा, वरचा गिअर टाकायचा, क्लच हळूच सोडायचा. बिघडलेला ट्रॅक्टर इथेच गरजत राहायचा. आता इंजिन दोन ठोके घुसमटतं, हुंदका देतं आणि खटकन बंद पडतं. सगळे हसतात.