समीक्षा म्हणजे निंदा नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे गेले की संत एकनाथ रंगमंदिर लागते. नाटके, संगीतसभा, स्नेहसंमेलने असे कितीतरी कार्यक्रम तेथे होत आले आहेत. पडदा पडल्यावर मात्र बहुतेकांच्या वाट्याला एकच वाक्य येते : कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. पर्युषणातील नाटिका किंवा महावीर जयंतीचे नृत्यनाट्य यांच्या वृत्तांतातही पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावे असतात. मुलांनी रंगमंचावर काय साकारले, ते नसते.

यामागे एक प्रामाणिक संकोचही असतो. अठरा पापस्थानांत पैशुन्य आणि परपरिवाद यांची गणना आहे. मग दोष दाखवावेत कसे? परंतु त्याच यादीत मृषावादही आहे. फसलेल्या प्रयोगाची भरघोस स्तुती हेही असत्यच. परपरिवाद व्यक्तीला लक्ष्य करतो, समीक्षा कृतीकडे पाहते. ‘नायिकेला अभिनय येत नाही’ हा शेरा झाला. ‘दुसऱ्या प्रवेशातील तिचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचले नाहीत’ हे निरीक्षण झाले. पहिल्याने मन दुखावते, दुसऱ्याने पुढचा प्रयोग सुधारतो.

ही विद्या जैन परंपरेला परकी नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘काव्यानुशासन’ रचले आणि त्यांचे शिष्य रामचंद्र व गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पण’. सर्व रस आनंदरूपच असतात, हे मत या मुनिद्वयाने स्वीकारले नाही. करुण, भयानक यांसारखे रस दुःखात्मक आहेत, असे त्यांनी कारणांसह मांडले. त्यांच्या लेखणीचा आणखी एक उपकार आहे. विशाखदत्ताचे ‘देवीचंद्रगुप्त’ हे नाटक आज संपूर्ण उपलब्ध नाही. त्याचे जे अंश हाती आहेत, त्यांतील महत्त्वाचे ‘नाट्यदर्पणा’तील उद्धृतांमुळे टिकले. समीक्षकाने नोंदवले, म्हणून नाटक उरले.

शिकण्याची पहिली पायरी म्हणजे नीट पाहणे. वेरूळचे 32 वे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून ओळखले जाते, कारण हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वी इंद्र समजले गेले. समोरची सिंहवाहिनी, आम्रवृक्षाखालची देवी ही इंद्राणी नव्हे, अंबिका आहे. नाव आधी दिले गेले, निरखणे मागाहून झाले. नवोदिताने हा क्रम उलटा करावा : प्रथम दिसले-ऐकले ते टिपावे, मग त्याचा अर्थ लावावा, निर्णय शेवटी द्यावा. आधी रोजकीर्द, मग खतावणी, शेवटी ताळेबंद, हा शिरस्ता व्यापारी घरात नव्याने सांगावा लागत नाही.

निर्णय देताना अनेकांताचे भान असावे. संहिता सकस पण प्रकाशयोजना उणी, असे असू शकते. दहा वर्षांच्या मुलांची नाटिका त्यांच्या वयाच्या अपेक्षेनेच जोखावी. आपले मत कोणत्या बाजूने आहे, हे सांगितले की ते अधिक विश्वासार्ह होते.

या शहराला समीक्षेचा वारसा आहे. येथील विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले सुधीर रसाळ यांना ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथासाठी 2024 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

येत्या पर्युषणातील कार्यक्रमाचा वृत्तांत घरातील एखाद्या शाळकरी मुलीकडे सोपवून पाहावा. पाहुण्यांची नावे दोन ओळींत आटोपावीत आणि उरलेली जागा तिला, तिने जे पाहिले त्यासाठी द्यावी.