जोडीने केलेला तपास

रहस्यकथेतला हेर बहुधा सडाफटिंग असतो. शेरलॉक होम्सला बायको नाही, पायरोलाही नाही. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम घालून दिले, त्यांत प्रेमाला मज्जावच केला. बुद्धीच्या डावात संसाराची लुडबुड नको, हा त्यामागचा विचार. पण नियम आला की तो मोडणारेही येतात. डॅशिएल हॅमेट यांनी १९३४ मध्ये निक व नोरा चार्ल्स हे दांपत्य उभे केले. डोरोथी सेयर्स यांच्या १९३७ च्या कादंबरीत लॉर्ड पीटर विम्झी यांच्या मधुचंद्राच्या घरातच प्रेत सापडते. या दोन्ही जोडप्यांच्या आधीचे जोडपे अगाथा ख्रिस्ती यांचे : टॉमी बेरेसफर्ड आणि टपेन्स. त्यांच्याविषयीच आम्ही चार शब्द सांगणार आहोत.

ही जोडी जुळली ती बेकारीतून. ‘द सीक्रेट ॲडव्हर्सरी’ ही कादंबरी १९२२ ची. पहिले महायुद्ध संपले होते आणि १९२१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली होती. टॉमी सैन्यातून सुटलेला. टपेन्सने युद्धकाळात इस्पितळात भांडी घासली, झाडलोट केली, पुढे मोटारी चालविल्या. युद्ध संपले, तशी दोघांची गरजही संपली. चहाच्या दुकानात बसून दोघे आपापले खिसे चाचपतात आणि ठरवितात की, वाटेल ते काम पत्करू अशी जाहिरात द्यायची. हेरगिरी हा त्यांचा शौक नव्हे. ती पोटासाठी शोधलेली वाट आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या पाळ्या सांभाळून वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून असेल, पुढच्या साऱ्या कटकारस्थानांपेक्षा ही पहिली पानेच आम्हांला अधिक खरी वाटतात.

आता जोडीमुळे कथेत काय बदलते ते पाहू. होम्स आणि वॉटसन यांचे नाते गुरुशिष्याचे. एकाने उलगडा करायचा, दुसऱ्याने थक्क व्हायचे. टॉमी-टपेन्सचे तसे नाही. टॉमी सावकाश विचार करणारा, पण हाती आलेला धागा न सोडणारा; टपेन्स चटकन उडी घेणारी. दोघे वेगवेगळ्या वाटांनी जातात. एक संकटात सापडला की दुसऱ्याला ते ठाऊक नसते, वाचकाला मात्र ठाऊक असते. आणि तेथेच आपला जीव टांगणीला लागतो. संसार कथेच्या आड येत नाही, उलट तोच कथेला पुढे ढकलतो.

परंतु या कामाचा हिशेब कोणाच्या नावे मांडला जातो? १९२९ च्या ‘पार्टनर्स इन क्राइम’मध्ये लग्नाला सहा वर्षे झाली आहेत आणि टपेन्स घरात कंटाळली आहे. दोघे मिळून हेरकचेरी चालवितात, गाजलेल्या हेरांच्या नकला करीत प्रकरणे सोडवितात. शेवटी मूल होणार म्हणून ती काम सोडते. टॉमीपुढे तसा प्रश्नच येत नाही. १९४१ च्या ‘एन ऑर एम?’मध्ये दुसरे महायुद्ध चालू आहे. गुप्तहेर खाते टॉमीला बोलावते, टपेन्सला नाही. ती शेजारच्या खोलीतून सारे ऐकते. टॉमी समुद्रकाठच्या बोर्डिंग हाउसात जाऊन पोचतो, तो बाईसाहेब नाव बदलून, विणकाम घेऊन आधीच तेथे बसलेल्या! विणीत बसलेल्या पोक्त बाईचा संशय कोणाला यावा? जग तिला मोजत नाही, हेच तिचे हत्यार होते. काम दोघांचे आणि हजेरीपटावर नाव एकाचे, ही गोष्ट काही इंग्लंडातलीच नव्हे. संप लांबला की घरची चूल पेटती ठेवणाऱ्या बायांची नावे आमच्या सभांच्या इतिवृत्तांतही फारशी सापडत नाहीत.

एक तक्रारही सांगितली पाहिजे. त्याच पहिल्या कादंबरीत कामगारांच्या असंतोषामागे मिस्टर ब्राउन नावाचा अदृश्य गुन्हेगार आहे आणि कामगारपुढारी त्याच्या हातातली बाहुली आहेत. ब्रिटनमध्ये ३ ते १२ मे १९२६ या दिवसांत खराच सार्वत्रिक संप झाला. खाणकामगारांची मजुरी कमी करून तास वाढविण्याचा घाट मालकांनी घातला होता, हे त्याचे कारण. त्याला कोण्या मिस्टर ब्राउनची गरज पडली नाही. दोन तरुणांच्या रिकाम्या खिशांचे दुःख ज्या लेखणीला इतके नेमके कळले, तिला लाखोंच्या रिकाम्या खिशांमागे मात्र कटच दिसावा, याचे आम्हांला वाईट वाटते.

तरीही ही जोडी आम्हांला प्रिय आहे. पायरोचे वय जणू थांबलेले असते. हे दोघे मात्र वाचकांबरोबर म्हातारे होतात. १९६८ मध्ये ते पुन्हा भेटतात, आणि १९७३ मध्ये ख्रिस्तीबाईंनी लिहिलेल्या शेवटच्या कादंबरीत सत्तरी ओलांडूनही दोघे तपासाला निघतातच. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजाराबरोबर विजयाला पाहिलेल्या मराठी वाचकाला अशी सोबत परकी वाटू नये. तेव्हा पुढच्या खेपेस रहस्यकथा हाती घ्याल तेव्हा खुनी कोण, हे अवश्य शोधा. पण काम कोणी केले आणि नाव कोणाचे झाले, याचाही तपास लावा.