‘हू’ला जोडीदार नको!

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण पाहा. मराठीत ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ यायचाच. ‘जी नदी कामठी आणि कन्हान या गावांमधून वाहते, ती कन्हान’ हे आपले सरळ वाक्य. आमच्या कन्हानकडची मुले तेच इंग्रजीत नेतात : ‘द रिव्हर व्हिच फ्लोज बिटवीन कामठी अँड कन्हान, इट इज द कन्हान.’ यातला ‘इट’ म्हणजे बिनबोलावलेला पाहुणा! इंग्रजीत ‘हू’, ‘व्हिच’ यांना जोडीदार लागत नाही. ‘रिव्हर’ हाच ‘इज’चा कर्ता असतो. ‘इट’ गाळा, त्याच्या आधीचा स्वल्पविरामही काढा, की वाक्य शुद्ध!

पण स्वल्पविराम नेहमीच फालतू नसतो. एकुलत्या एका मुलाच्या वडिलांनी अर्जात ‘माय सन हू इज इल’ असे सलग लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की यांना आणखीही मुलगे आहेत. आजारी तेवढा हाच! ‘सन’ आणि ‘इल’ यांच्यापुढे स्वल्पविराम द्या, मुलगा पुन्हा एकुलता होतो.

तेव्हा पालकहो, वहीत असा ‘इट’ दिसला तर मुलावर रागावू नका. ही चूक तो मराठीतून विचार करतो म्हणून होते. दोन्ही भाषांतली वाक्ये शेजारी शेजारी मांडून दाखवा; फरक त्याचा त्यालाच उमगेल.